एकशे बारा घरे आणि बुधवारचा खाडा

मी, सौ. नवसाबाई सावळीराम विधाते, वय वर्षे चौसष्ट, धंदा फुलपुडी, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले ते गुडघे, आणि कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. एक डॉक्टरांचा होता, पण तो फक्त बसून राहण्याचा.

मृत्युपत्र करण्याचे कारण आजारपण नव्हे, रिकामपण. दिवाळी उरकल्यावर माझ्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आणि तीन महिने घराबाहेर पाऊल टाकायचे नाही असे ठरले. पहिल्या आठवड्यात मी वर्षाचे गहू निवडले. दुसऱ्या आठवड्यात तेच गहू परत निवडले, तेव्हा सूनबाईने सूप उचलून माळ्यावर टाकले. नंतर मी घरातल्या सगळ्या पिशव्यांच्या घड्या केल्या, जुनी बटणे रंगाप्रमाणे लावली, आणि करण्यासारखे काहीच उरले नाही तेव्हा मरणानंतरची व्यवस्था हाती घेतली.

कलम १. मखमलाबाद येथील माझ्या नावावरचे दोन खोल्यांचे घर आणि शिवारातले दहा गुंठे मी माझा मुलगा महेश यास देत आहे. दहा गुंठ्यांत शेवंती, गुलाब आणि बांधाला बेलाची दोन झाडे आहेत. बेलाची झाडे तोडू नयेत. महेश एका कंपनीत असतो, त्याला शनिवार-रविवार सुट्टी असते, आणि त्या दोन दिवसांत तो काय करतो हे मला आजवर समजलेले नाही.

कलम २. माझी बोरमाळ, पाटल्या आणि बँकेतली ठेव मुलगी सुवर्णा, हल्ली मुक्काम मनमाड, हिला द्यावी. सुवर्णाच्या जन्माच्या वेळी मी तिच्याकडे लक्ष दिले नाही अशी तिची तक्रार आहे. ती खरी आहे. ती शनिवारी जन्मली आणि शनिवारी मारुतीच्या रुईच्या माळा असतात. महेश मात्र शहाणा. पुड्या वाटून मी घरी पोचल्यावर, दुपारी जन्माला आला.

कलम ३. घराचा ओटा आणि त्यावरची लोखंडी खुर्ची माझे पती सावळीराम यांच्या तहहयात वहिवाटीस राहतील. त्यांना तिथून उठवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मलाही नव्हता, तरी मी बावीस वर्षे तो वापरला, म्हणून इथे थोडे खुलाशाने लिहिते.

सावळीराम सिन्नरला कारखान्यात होते. बावीस वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि ते ओट्यावर बसले. मी पहाटे चारला उठून पुड्या बांधायची, साडेपाचला निघायची, आणि हा माणूस गाढ झोपलेला. मी त्यांना आळशी म्हटले. एकदा नव्हे, रोज, भांडी आपटून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असे. आता तीन महिने त्याच ओट्यावर, त्यांच्याशेजारी बसायची वेळ आली तेव्हा कळले की बसणे हे माझ्या आवाक्यातले काम नाही. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटे बसले आणि विचारले, आता पुढे काय. ते म्हणाले, पुढे काही नाही, हेच. मी परत विचारले. तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले,

"नवसा, तू बसली नाय. तू थांबलीय."

त्यांनी मला शिकवायला घेतले. सावली सरकली की खुर्ची सरकवायची, त्याआधी नाही. समोरून जाणारी माणसे बघायची, पण मोजायची नाहीत. मी बावन्नपर्यंत मोजली होती. कोणी विचारले काय चाललंय, तर "निवांत" म्हणायचे आणि आत जाऊन काम शोधायचे नाही. मास्तर चांगले होते, विद्यार्थी ढ होता.

एके दिवशी मी विचारले की तुम्हाला हे इतके सहज कसे जमले. त्यांनी आधी सावलीबरोबर खुर्ची सरकवली. मग म्हणाले, पहिली दोन वर्षे त्यांना रोज चारलाच जाग येत असे. माझी गाडी निघेपर्यंत ते झोपल्याचे सोंग घेऊन पडून राहत. "उठून करायचं काय होतं?" एवढेच म्हणाले. आणि मला आठवले की त्या काळात एका शनिवारी त्यांनी माझ्यासोबत पुड्या वाटल्या होत्या. रुईची माळ गणपतीवाल्यांच्या दाराला आणि दूर्वा मारुतीवाल्यांच्या दाराला लावून आले. मी भर रस्त्यात ओरडले की परत माझ्या गिऱ्हाइकांच्या लाइनला पाऊल ठेवू नका. म्हणजे या माणसाला कामावरून दोनदा काढले, आणि दुसऱ्यांदा काढणारी मी. सबब "आळशी" हा शब्द मी बावीस वर्षांच्या व्याजासह याद्वारे मागे घेते. मला त्याचे फार वाईट वाटते, हेही लिहावे.

कलम ४. हे मुख्य कलम आहे. माझी स्कूटी, सुतळीचे बंडल, टोपल्या आणि पंचवटीतली एकशे बारा घरांची लाइन मी माझी सून सौ. प्रतिभा महेश विधाते हिला देत आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पूजेच्या फुलांची पुडी सकाळी लोक उठायच्या आत दाराच्या कडीला लावायची, हा माझा धंदा. ज्या दिवशी पुडी येणार नाही तो खाडा, आणि गिऱ्हाईक कॅलेंडरवर त्या तारखेला "खा" लिहून ठेवते. अडतीस वर्षांत माझ्या नावाचा "खा" एकाही कॅलेंडरवर नाही. पूर आला तेव्हा नाही, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. त्या दिवशी शेजारच्या चिमणाबाईने पुड्या लावल्या. त्यामुळे पहिल्या कच्च्या मृत्युपत्रात मी अट घातली होती की प्रतिभाने एक जरी खाडा केला तर लाइन तिच्याकडून काढून घ्यावी.

प्रतिभा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून लाइन बघते. चांगली बघते. पण महिन्याभराने म्हणाली, "आई, मला आठवड्यातून एक दिवस सुट्टी पाहिजे." मी शांतपणे विचारले, कोणत्या देवाला उपाशी ठेवतेस ते सांग. सोमवार महादेवाचा, त्याला बेल. मंगळवार गणपतीचा. गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती, रविवार आपल्या खंडोबाचा. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, बुधवार. मी म्हटले, बुधवार विठोबाचा. मला वाटले मी जिंकले. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला,

"इठोबाला उभं राहायची सवय हाय. तो थांबंल."

दोघांनी मिळून मला हरवले. पुढच्या बुधवारी लाइन बंद राहिली. प्रतिभा आठ वाजेपर्यंत झोपली. मी साडेपाचपासून फोन मांडीवर घेऊन बसले. एकशे बारा घरे, कोणाकोणाला काय उत्तर द्यायचे ते मनात तयार होते. अकरापर्यंत एकच फोन आला, तो कर्ज पाहिजे का विचारणारा. फोन बिघडला असेल म्हणून मी सावळीरामांना त्यावर फोन करायला लावला. वाजला. मग मी पदराने तोंड झाकून रडले. अडतीस वर्षे मी ज्यांच्यासाठी पाय झिजवले त्यांचे माझ्यावाचून काहीही अडत नव्हते. एकालाही चुकल्यासारखे वाटले नाही.

संध्याकाळी कळले की प्रतिभाने मंगळवारच्या प्रत्येक पुडीत चिठ्ठी टाकली होती: उद्या बुधवार, फुले येणार नाहीत. मी तिच्यावर तोंडसुख घेतले, की तू सांगून ठेवलेस म्हणून कोणी विचारले नाही. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तेच म्हणते मी. सांगितलं की लोक समजून घेतात. तुम्ही अडतीस वर्षांत एकदा तरी सांगून बघितलं का?"

मी सांगून बघितले नव्हते. मला वाटायचे मी थांबले की सगळ्या पंचवटीतले देव्हारे ओस पडतील. देव्हारे काही ओस पडले नाहीत; कोणी अंगणातली जास्वंद वाहिली, कोणी आदल्या दिवशीची फुले पाणी शिंपडून ठेवली. सबब खाडा न करण्याची अट मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाशिवाय रद्द करत आहे. प्रतिभाचा बुधवार हा तिचा बुधवार. त्यावर महेशने, त्याच्या पाहुण्यांनी किंवा कोणत्याही देवाने हक्क सांगू नये.

कलम ५. माझ्या अंत्यविधीबाबत. हे मृत्युपत्र लिहून देणाऱ्या अ‍ॅडव्होकेट तेजल या माझ्या लाइनवरच्या सत्तेचाळिसाव्या घरातल्या. त्यांना मी सांगितले की असे लिहा: मी गेले त्या दिवशी आधी सर्व पुड्या वाटाव्यात, मगच मला उचलावे, माझ्यामुळे गिऱ्हाइकाची गैरसोय नको. तेजलने टाइप करायचे थांबवले. मला वाटले मशीन बंद पडले.

"मावशी, हे मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी आमच्या कडीला पुडी लागली, तर आम्ही ती काढणार नाही. एकदा तरी आम्हाला तुमचा खाडा लिहू द्या."

मी तिला म्हटले, तुझे एक घर झाले, बाकीच्यांचे काय. ती डोळे पुसत राहिली, त्यामुळे मलाही पुढे सांगता येईना. त्या दिवशी काम तिथेच थांबवले.

तरी विचारांती हे कलम पुढीलप्रमाणे कायम केले आहे. मी जाईन त्या दिवशी, वार कोणताही असो, खाडा. आदल्या दिवशी चिठ्ठी टाकता येणार नाही हे मला कळते. पण फोनही करू नये. एकशे बारा घरांनी दार उघडून रिकामी कडी बघावी आणि माझी थोडी वाट बघावी.

येणेप्रमाणे वाचून, ऐकून, सावळीरामांना दोनदा ऐकवून सही केली.

स्थळ: घराचा ओटा, मखमलाबाद, नाशिक
दिनांक: २१ जानेवारी २०२६, बुधवार

(सही) नवसाबाई सावळीराम विधाते

साक्षीदार:
१. कु. साक्षी अश्विन जाधव, गुडघ्याचे व्यायाम घेणाऱ्या. नावावरून आधीच नेमल्या होत्या.
२. श्री. जीवन काशिनाथ खोडे, शेजारी. सहीला बोलावले तेव्हा चहा घेऊन बसले, ते अजून बसलेले आहेत.