कोनाड्यातला कप

४ नोव्हेंबर
बाबांचं तेच टुमणं. आडनाव लपवू नको म्हणे. सुरतेजवळ भेस्तानला सांगितलं होतं ना खरं, चौथ्या दिवशी खोली खाली करायला लावली. म्हणून इथं बारडोलीजवळ, प्रमिलाबेनच्या उसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायला आलो तो पाटील होऊनच. बाबांनी जयभीम न म्हणता फोन ठेवला. ठेवू दे. बहिणीच्या, जागृतीच्या लग्नाला पैसा लागतो, आडनाव नाही.

जागा झकास आहे. बेनने स्वयंपाकघरात बसवून स्टीलच्या पेल्यात चा दिला, वर गाठिया. पाटीलभाई, लाजायचं नाही म्हणाली, घर तुमचंच.

मागच्या दाराबाहेर भिंतीत कोनाडा आहे, त्यात कान तुटलेला कप. गणपतचा, म्हणाली. तिच्या सासऱ्याचा हाळी, कर्जात बांधलेला गडी. स्वतःच्या लग्नाला उचल घेतली आणि ती फेडत जन्मभर इथंच राबला. बाहेर बसायचा, त्याच कपात प्यायचा, स्वतःच विसळून ठेवायचा. मेला त्याला चाळीस वर्षं झाली. कप मात्र कुणी हलवत नाही.

५ नोव्हेंबर
आज घोळ झाला. चा पिऊन मी पेला विसळला आणि पालथा घातला. गावच्या हॉटेलात बाबांबरोबर लहानपणापासून तेच केलं, हात आपोआप गेले. पाटील कशाला पेला विसळेल? बेन बघत होती. हसली.

६ नोव्हेंबर
सकाळी चा कोनाड्यातल्या कपात, वाफाळलेला. बेन म्हणे मी तर आत्ता उठले भाई, कुणी ओतला? खोटं बोलतेय असं वाटलं नाही. मी शिवलो नाही कपाला. आत जाऊन पेल्यातला प्यायलो तर मातीची चव.

९ नोव्हेंबर
उंबऱ्यावर पाय उचलेना. तीनदा उचलून बघितला. बेन आतून भाजी चिरत म्हणाली, रहेवा दे गणपत, नहीं थाय. राहू दे, जमायचं नाही. गणपत म्हणाली मला.
तहान लागली होती. कपातलं प्यालो. तुटक्या कानापाशी झिजून खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बरोबर बसतो.

११ नोव्हेंबर
पिशवी उचलून निघालो. उसातून सरळ फाट्याकडे — सकाळपासून चालतोय — दुपारी समोर कोनाडाच. कप विसळलेला, पालथा. माझे हात ओले.

१२ नोव्हेंबर
बाबांना फोन लावला. त्यांनी विचारलं कोण. तोंडातून निघालं, गणपत. बाबा म्हणाले, राँग नंबर. परत लावला. म्हटलं आता खरं आडनाव सांगतो, मोठ्याने सांगतो — आठवेना — इतकं लपवलं की —

१३ नोव्हेंबर
बेनने उचल दिली. न मागता. बहिणीचं लग्न आहे ना, म्हणाली. मी तिला जागृतीचं कधी सांगितलंच नव्हतं.
कागदावर सही केली — उमटला अंगठा.
बाबा, पैसे परत करू नका. ओळखीचं नाव नसलं तरी घ्या. जागृतीसाठीच आहेत. पाठवणारा गणपत, रुपये साठ हजा—