मोठ्या चाकावरून सासुरवाडीला

५ एप्रिल, रविवार. सकाळी.

एकचाकी आली. खोकं दारातून आत जाईना, म्हणून बाहेरच उघडलं. चाक माझ्या कमरेपर्यंत येतं. फोटोत एवढं वाटलं नव्हतं.

सोबतच्या कागदावर लिहिलंय की नवशिक्यांनी आधी लहान चाकावर शिकावं. लहान चाकं इथल्या प्रत्येक प्राथमिक शाळेच्या मैदानात ओळीने टांगलेली असतात. मधल्या सुट्टीत फ्रॉकमधल्या मुली त्यांवर बसून गप्पा मारत फिरतात. मी चोपन्न वर्षांचा आहे. टॉवेल कारखान्यात तपासणी विभागाचा उपप्रमुख आहे. मी लहान चाकावर बसणार नाही. कागद टाकून दिला.

संध्याकाळी.

प्लॅन लिहून ठेवतो, म्हणजे नंतर घोळ नको. नोव्हेंबरात बेटावर, माझ्या बायकोच्या, चिझुरूच्या माहेरी, संत्र्यांची तोडणी असते. दर वर्षी आम्ही दोघं गाडीने पूल ओलांडून जातो. यंदा ती जानेवारीपासून तिथेच आहे (सासूबाईंचा गुडघा). तेव्हा मी एकटा जाईन, आणि एकचाकीवरून जाईन. ती मळ्यातून बघेल. हसेल. तोडणी आटोपली की सामान घेऊन घरी येईल.

हसेल हे मी मनाचं लिहीत नाही. डिसेंबरात टीव्हीवर एक म्हातारा असल्याच मोठ्या चाकावरून पूल ओलांडताना दाखवला होता. चिझुरू पोट धरून हसली. बघा तरी याला, बघा, म्हणाली. मी बघितलं.

८ एप्रिल, बुधवार.

आज पाऊस. प्रॅक्टिस नाही. काही गोष्टींची नोंद करून ठेवतो.

जानेवारीत माहेरी जाताना बसस्टॉपवर चिझुरू म्हणाली होती, तुम्हाला कधी काही होतच नाही का हो? मी म्हटलं, नाही, कंपनीच्या तपासणीत सगळं नॉर्मल आलंय, रक्तदाबसुद्धा. मग बस आली.

तिचं हे असं सासरेबुवांच्या अंत्यविधीपासून चाललंय. आलेल्या लोकांना परतभेट म्हणून टॉवेल दिले होते. एकाची शिवण उसवलेली होती. ती मी दाखवली, एवढंच. कोणीतरी दाखवायलाच हवी होती. चिझुरूने माझ्याकडे बघितलं. आता मी कुठे चुकलो?

१२ एप्रिल, रविवार.

प्रॅक्टिसला सुरुवात. विजेच्या खांबाला धरून वर चढलो. वरून छान दिसतं. खांब सोडला. शेजारच्या निनोमिया आजींच्या कांद्याच्या वाफ्यात होतो.

आजी झारी घेऊन तिथेच उभ्या होत्या. अगं बाई, सोगाबे-सान, काय हरवलं कांद्यात, म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, प्रॅक्टिस. कसली, म्हणाल्या. मी चाकाकडे बोट दाखवलं. आजींनी चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि झारी खाली ठेवली.

घरी जाऊन कपडे बदलले आणि टॉवेल घेऊन रीतसर माफी मागायला गेलो. आमच्या गावात माफी, आभार, नव्या शेजाऱ्याची ओळख, सगळं टॉवेलवर भागतं. वर कागदाची पट्टी हवी आणि दोन्ही हातांनी द्यायचा. समोरच्याने 'अहो, कशाला एवढं' म्हणायचं आणि घ्यायचा. टॉवेल परक्याला देतात. घरच्या माणसाला पट्टी लावून टॉवेल दिला तर ते वेड्याचं लक्षण होईल.

आजी म्हणाल्या, अहो, कशाला एवढं. घेतला. काम झालं.

३ मे, रविवार. सुट्ट्यांचा आठवडा.

प्रगती उत्तम. आता खांब सोडल्यावर पडायच्या आधी विचार करायला वेळ मिळतो.

नानामीचा ओसाकाहून फोन. म्हणाली, बाबा, तुम्ही कायऽ घेतलंय? कोणी सांगितलं ते माहीत नाही. मी थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, अहो, मोठं चाक कोण घेतं आधी, मी पहिलीत लहान चाकावर शिकले तरी गुडघे फोडून घेतले होते. मग म्हणाली, आईला विचारा ना.

आईला काय विचारायचं? मुलीने फोन ठेवल्यावर मला हसू यायला हवं होतं. चिझुरूला साधी सायकल पंक्चर झालेली कळत नाही. शिवाय तिला कळलं तर सगळी गंमतच गेली.

१४ जून, रविवार.

पावसाळा चिकटलाय. घरातच सराव. फ्रिज आणि घराचा लाकडी खांब यांच्या मध्ये चाकावर बसून टीव्हीवरच्या बातम्या बघतो. अर्धा तास सहज बसता येतं, फ्रिज धरून. बॅलन्स येतोय.

काल फ्रिजचं दार उघडलं.

मी सरकत्या कागदी दारावर गेलो. दाराचा कागद फाटला. चिझुरूने मागच्या वर्षअखेरीला लावला होता. त्याला आतून कॅलेंडरचं पान चिकटवलंय. ती येण्याआधी नवा लावीन.

७ जुलै, मंगळवार.

उजव्या हाताची दोन बोटं बधिर. ऑफिसात जिन्यावरून पडलो असं सांगितलं. त्यांनी डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर तरुण आहेत. मनगट दाबून विचारलं, दुखतं? नाही. इथे? नाही. इथे? नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. म्हणाले, दुखायला हवंय, सोगाबे-सान. मी म्हटलं, माफ करा.

पट्टी बांधली. तपासणीचं काम डाव्या हाताने करतो. टॉवेलवरून बोट फिरवलं की सुटलेला धागा लागतो, त्याला डोळे लागत नाहीत. डाव्या हाताला जरा वेळ लागतो.

१५ ऑगस्ट, शनिवार.

पितरांचा सण. चिझुरू येणार असं गृहीत धरून दोघांपुरते सोमेन, म्हणजे गार खायच्या बारीक शेवया, आणले होते. तिचा फोन आला. म्हणाली, यंदा नाही जमणार. मी विचारलं, सासूबाईंचा गुडघा? ती म्हणाली, हो, गुडघा. मी म्हटलं, काळजी घे. ती म्हणाली, तुम्ही जेवताय ना? मी म्हटलं, सोमेन. ती म्हणाली, बरं.

आमचे कारखान्याचे ड्रायव्हर बेटावर माल पोचवायला जातात. ते सांगत होते की सासूबाई देवळामागच्या मैदानात म्हाताऱ्यांबरोबर गेटबॉल, तो लाकडी हातोड्याने चेंडू मारायचा खेळ, खेळताना दिसल्या, आणि जोरात खेळत होत्या. गुडघ्याला व्यायाम लागतोच.

वडिलांच्या आत्म्याला घरी यायला काकडीचा घोडा करून ठेवला. काड्यांचे पाय नीट खोचले होते, तरी घोडा कलंडला. आमच्या घराण्यात बॅलन्स कमीच असावा. पण मी त्यावर मात करतोय.

सोमेन दोघांचे एकट्याने खाल्ले.

१३ सप्टेंबर, रविवार.

ऐतिहासिक दिवस! विजेच्या खांबापासून लाल टपालपेटीपर्यंत गेलो. मध्ये कुठेही धरलं नाही. टपालपेटीला मात्र धरलं. जोरात धरलं.

परत येताना शेतमळ्याच्या बांधावरून पाटाच्या पाण्यात. पण पहिला भाग महत्त्वाचा.

दुपारी मोहल्ला समितीचे सुगा-सान आले. बसले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, परत चहा घेतला. मग मान खाली घालून म्हणाले, सोगाबे-सान, वाईट वाटून घेऊ नका, पण आता टॉवेल थांबवता का? मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, सगळ्या घरांत झालेत हो. आमच्याकडे कपाट लागत नाही. निनोमिया आजी तर कुत्र्याला वेगळा, मांजराला वेगळा वापरतात. तुम्ही पडा, पडायला कोणाची ना नाही, फक्त टॉवेल नको.

याचा अर्थ मोहल्ल्याने मला परवानगी दिली. समाधान वाटायला हवं. बहुतेक वाटलं.

१२ ऑक्टोबर, सोमवार. सुट्टी.

एकूण आढावा. जमतं: सरळ जाणं. जमत नाही: वळणं, थांबणं, खांबाशिवाय चढणं. पूल सरळ आहे. पुलावर थांबायचं कारण नाही. कठडा आहे, म्हणजे चढायचीही सोय आहे. तेव्हा शिक्षण पूर्ण झालं असं म्हणायला हरकत नाही.

१ नोव्हेंबर, रविवार.

तोडणीला कधी येऊ, हे विचारायला बेटावर फोन केला. सासूबाई होत्या. म्हणाल्या, जावईबापू, यंदा माणसं पुरेशी आहेत हो, तुम्ही उगाच दगदग करू नका. मी म्हटलं, दगदग कसली. त्या म्हणाल्या, नाही हो, खरंच नको. मी म्हटलं, बाविसाव्या तारखेला येतो. त्या म्हणाल्या, काय सांगू आता तुम्हाला.

बेटावरची माणसं अशीच. जेवायला बोलवायचं असलं तरी आधी 'घरात काही नाही' म्हणतात. इतक्या वर्षांत मला ही भाषा चांगली कळायला लागलीय.

सरकत्या दाराला नवा कागद लावला. थोडा तिरपा लागला, पण उजेड नीट येतो.

२२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी लवकर.

आकाश स्वच्छ. वारा आहे. हेल्मेट, हातमोजे, चिझुरूला आवडतो तो बीन्सचा गोड पाव पाठीवरच्या पिशवीत. निघतो. येताना दोघं बसने येऊ. चाक मागून मागवता येईल.

त्याच दिवशी. संध्याकाळी, घरी.

घडलं ते क्रमाने लिहितो.

पुलाच्या चढावाच्या तोंडाशी गणवेशातले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढून मला नमस्कार केला. मी कठडा धरून चढत होतो. ते म्हणाले, माफ करा, हे काय आहे? मी म्हटलं, सायकल. ते चाकाभोवती फिरून आले. म्हणाले, ब्रेक नाही, घंटी नाही, दुसरं चाक नाही. हे नियमात खेळणं होतं हो. सायकल चालते, पायी माणूस चालतो, खेळणं नाही चालत. मी म्हटलं, घंटी बसवली तर? त्यांनी खरंच विचार केला. कोणालातरी फोनही केला. मग माझ्यापेक्षा जास्त वाकून म्हणाले, हातात धरून न्या, तेवढं चालेल.

हातात धरून नेलं. पूल फार लांब आहे. वरती वारा चाकाला ढकलत होता आणि चाक मला. सायकलवाले मागून येऊन 'शाबास, आजोबा' म्हणून पुढे जात होते. मी बसलोच नव्हतो. शाबास कशाबद्दल ते कळलं नाही.

मळ्यात पोचलो तेव्हा तोडणी चालू होती. सासूबाई भरलेलं क्रेट उचलून उतारावरून खाली येत होत्या, दोन्ही गुडघे नीट वाकवत. मला बघून म्हणाल्या, अरे देवा, आलातच. मग वर हाक मारली.

चिझुरू खाली आली. केस कापलेत. डोक्याला रुमाल, हातात तोडणीची कात्री. तिने चाकाकडे बघितलं. हसली नाही. चालत आलात, असं विचारलं. मी म्हटलं, तांत्रिक अडचण. ती म्हणाली, बरं.

मग तिने कात्री खिशात ठेवली. म्हणाली, द्या बघू. क्रेट वाहून आणणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळाचा खांब धरला आणि वर चढून बसली. बसली म्हणजे बसलीच. खांब सोडला. पॅकिंग शेडसमोरच्या अंगणात डुलत एक फेरी मारली. वळून. संत्री तोडणारी माणसं टाळ्या वाजवायला लागली. माझ्यासमोर येऊन अलगद उतरली. सीट दोन बोटं खाली करा, म्हणाली, म्हणून पाय पोचत नाहीत तुमचे.

मी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, नानामीच्या शाळेत. दर शनिवारी जायचे की मुलींना शिकवायला. पाचवी होईपर्यंत. सांगितलं होतं तुम्हाला. जेवताना सांगायचे.

सांगितलं असणार. मी 'अरे वा' म्हटलं असणार. शनिवारी मी घरीच असायचो. ती कुठे जाते हे मी कधी विचारलं होतं का, ते आठवायचा प्रयत्न केला. जेवण आठवलं. तिचं बोलणं आठवेना.

वाईट वाटलं. नक्की कुठे वाटलं ते सांगता येत नाही, पण वाटलं. हे तिला सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात कोणीतरी वरून कात्री मागितली आणि ती गेली.

दुपारभर तोडणी केली. एकदा देठ लांब ठेवून कापायचं, मग फळाशी टेकवून परत कापायचं, म्हणजे देठाने शेजारचं फळ खरचटत नाही. हे जमतं मला. चहाच्या वेळी मजुरीवर आलेल्या माणसांबरोबर मला आधी दिला, बशीत बिस्किटंही दिली. घरची माणसं मागून उभ्यानेच प्यायली. दर वर्षी मी त्यांच्यात उभा असतो. गोड पाव चिझुरूला दिला. तिने थँक्यू म्हणून शेडमधल्या फळीवर ठेवला.

निघताना मी विचारलं, दारांना नवा कागद लावलाय, तू कधी येतेस? ती म्हणाली, अहो, आईचा गुडघा केव्हाच बरा झाला. मी म्हटलं, हो, दिसलं. ती म्हणाली, तुम्हाला कळलं असेल असं वाटत होतं मला. मग म्हणाली, चाक राहू दे इथे? तुम्ही पडाल बिडाल. मी म्हटलं, राहू दे.

संत्र्यांची पिशवी दिली. वर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दोघी मायलेकी फाटकापर्यंत आल्या, शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि वाकल्या. आज आलेल्या प्रत्येक माणसासमोर त्या तशाच वाकल्या होत्या. त्यांच्यासमोर पण, माझ्यासमोर पण. चिझुरूने ती वस्तू दोन्ही हातांनी पुढे केली.

मी दोन्ही हातांनी घेतली. म्हणालो, अहो, कशाला एवढं.

तोंडातून निघून गेलं.

२३ नोव्हेंबर, सोमवार. सुट्टी.

प्रॅक्टिस नाही. चाक नाही.

निनोमिया आजींनी कुंपणावरून विचारलं, काय हो, गेलात का पुलावरून? मी म्हटलं, गेलो. त्या म्हणाल्या, मग, हसली का? मी कधी त्यांना सांगितलं होतं ते आठवत नाही. त्यांना संत्री दिली.

दुपारी कागद उघडला. पट्टीवर 'आभार' छापलंय. पांढरा टॉवेल, दुसऱ्या कारखान्याचा. उजेडाला धरला. काठ तपासला, मग चारही कोपरे, मग उलट्या बाजूने. उजव्या हाताची बोटं आता बरी आहेत, तरी डाव्यानेही बघितलं. अंधार पडेपर्यंत बघत होतो.

दोष सापडला नाही.