कोरड्या हातांनी फोडलेला फणस

तीर्थरूप ताईस,

वाकता येईल तेवढा नमस्कार (कंबर हल्ली अर्ध्या वाटेत थांबते). भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? तुझ्या पत्रात माझ्या तब्येतीची चौकशी दोन ओळी आणि अंगणातल्या फणसाची दहा, तेव्हा आधी त्याचं लिहितो.

यंदा झाड बुंध्यापासून लगडलंय. कोवळ्या फणसाची भाजी झाली, गरे गल्लीभर वाटले, आठळ्या उकडून खाल्ल्या, पानं शिंप्याच्या शेळीने संपवली. समोरचा सुतार तर खोडाकडे अशा नजरेने बघतो की मी त्याला अंगणात एकटं सोडत नाही (त्याच्या मते आत दोन कपाटं आहेत).

परवा सकाळी एक फणस मीच फोडायला घेतला. तुझी भावजय खिडकीशी बसली होती. शाळेतून निवृत्त होऊन तिला तीन महिने झाले. तेव्हापासून ती तिथेच असते, आणि माझ्यावर एकदाही ओरडलेली नाही. मी कोरड्या हातांनीच सुरी चालवली. जन्मभर घड्याळांचे केसाएवढे स्क्रू उचलणारी ही बोटं, पण चिकाने सुरी हाताला जी धरली ती सोडेना. चष्मा सावरायला गेलो, तर तो दुसऱ्या हाताला आणि भुवई त्याला. मदतीला हाक मारावी म्हणून दार ढकललं, तर कोपर कडीला. सुतार धावत आला आणि म्हणाला, "काका, दारच काढू का बिजागरीतून?"

तेव्हा ती उठली. "अहो, आधी हाताला तेल लावतात, एवढंही कळत नाही? सरळ उभे राहा! हलू नका!" मी पहिलीतल्या पोरासारखा उभा. एकेक बोट तेलाने चोळून सोडवताना ती बोलत होती, बोलत होती, आणि मग हसू अनावर होऊन उंबऱ्यावरच बसली.

बाकी इकडे सगळं ठीक. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. तेल आधी लावायचं हे मला लहानपणी तूच शिकवलंस, तेव्हा माझ्या कोरड्या हातांना तू फसली नसशीलच.

आणखी ता. क. त्या दिवशी ती दुपारपर्यंत बोलत होती. मग पुन्हा खिडकी. मी विचारलं की "बरी आहे" म्हणते. ताई, चार दिवस येऊन राहा आणि तिला एकदा विचार. तुला ती खरं सांगेल. मी तेवढा वेळ बाहेर बसेन, तुम्ही बोलवल्याशिवाय आत येणार नाही.