कुणाच्याच काउंटीत नसलेली फळी

प्रिय विनी,

कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. समोरचं गवत वाऱ्यानं आडवं होतंय, पुन्हा उठतंय. ढग इतके सावकाश चाललेत की वाटतं, ते थांबलेत आणि आपलं कोर्टच कुठंतरी निघालंय. शहरात नोकरीला जाताना तू हसत म्हणाली होतीस, "रॉस्को, एखाद्या भिंतीचा रंग वाळेपर्यंत जरी एका जागी टिकलास ना, तर मला लग्नाचं विचार." ते मनात घेऊन मी दोन राज्यं फिरलो. एका गावात तर सर्कशीच्या हत्तीला आंघोळ घालायचं काम मिळालं होतं, त्याचे कान... पण ते राहू दे.

परतलो तर हद्दीवरच्या या कोर्टाची रंगरंगोटी निघालेली. पश्चिमेचा अर्धा भाग आमच्या ऑल्डर काउंटीचा, पूर्वेचा तुमच्या मेरिटचा. दोन्ही काउंटींनी मिळून बांधलं, सांभाळतातही तसंच, आपापलं अर्धं. आमच्या बाजूला मला लावलं, तुमच्या बाजूला तुझे बाबा. रोज सकाळी शिडीवरून विचारायचे, "काय रे भटक्या, अजून इथंच? मालगाडी चुकली वाटतं."

"तुमचा पांढरा पिवळा दिसतोय, टिलरीकाका."

"आणि तुमचा? तेल ओतून वाढवलेला. कंजूष काउंटी कुठली."

असं करत दोघं मधल्या दारापाशी पोचलो. दारावरची वीतभर फळी दरवेळेसारखी कोरीच. आमचे म्हणतात ती मेरिटची, तुमचे म्हणतात ऑल्डरची, आणि पाणी नेमकं तिथूनच मुरतं. काकांनी अंगठा दाबला तर तो आत गेला. लाकूड पार कुजलेलं. मग आम्ही नवी फळी ठोकली. दोन्ही डब्यांतला तळाचा रंग त्यांनी एकात ओतला, ढवळला आणि ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाले, "लाव. आणि जावई झालो असं समजू नकोस." मी तर काही बोललोही नव्हतो.

नदीकडून दमट हवा सुटलीय, रंग वाळायचं नाव घेईना. मघाशी मालगाडी शिट्टी देत गेली. पत्र लिहायला घेतलं ते हात गुंतून राहावेत म्हणून. नाहीतर पाय तिच्यामागं धावले असते. आत्ता शिडी चढून फळीला बोट लावून आलो. बोट कोरडं आहे, विनी. रंग पांढराही नाही, पिवळाही नाही, पहाटेच्या उजेडासारखा काहीतरी झालाय. माझ्याशी लग्न करशील? उत्तर ऑल्डरच्या पत्त्यावर पाठव नाहीतर मेरिटच्या. मी मधोमध बसलोय.

उठून न गेलेला, तुझाच
रॉस्को