निळ्या पुस्तकाच्या पुड्या

ओतूर,
दसऱ्याचा दुसरा दिवस, २००३

चि. सौ. सिद्धीस,

कल्पेशदादाचे अनेक आशीर्वाद. (सगळे एकदम संपवू नकोस. पत्र वाचून झाल्यावर त्यातले थोडे मलाच परत लागतील.) मंचरला सगळे खुशाल असतील. जावईबापूंची कंबर आता सरळ होते का? चि. राखीला जोडाक्षरं यायला लागली हे ऐकून आईने शेजारीपाजारी गूळ वाटला. आईची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम, की दिवाळीची झाडलोट यंदा तिने नवरात्रातच काढली, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

तू म्हणशील, फोन असताना दादाला पत्र कुठून सुचलं? अगं, फोनवर तू मध्येच ‘म्हणजे?’ असं विचारतेस आणि तुझ्या त्या ‘म्हणजे’पुढे मी टिकत नाही. पत्रात निदान शेवटपर्यंत बोलू तरी देशील. आता बसून घे. बसलीस? गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, भाऊबीजेला येते तेव्हा माझं निळं पुस्तक काढून ठेव, ज्ञानपंचमीच्या पुस्तकपूजेला राखी तेच पुजेल आणि तेच वाचायला घेईल. लग्नाला बारा वर्षं झाली, माहेरून तू आजवर मागितलेली ही एकच वस्तू. मी ‘हो हो, त्यात काय’ म्हणालो, फोन ठेवला, आणि हातातली रव्याची पुडी बांधायला घेतली, तर तिच्यावर चांदणी घोडीचं चित्र!

आईचा दोष नाही. (म्हणजे आहे, पण तिच्या तोंडावर कोण म्हणणार?) तुला तिची रीत ठाऊक आहे. रद्दी दुकानात यायच्या आधी ती पान न् पान चाळते. देवाचं चित्र, मंत्र, महाराजसाहेबांचं प्रवचन असं काही दिसलं की कपाळाला लावून बाजूला ठेवते, ज्ञानाची आशातना नको, अक्षराला पाय लागायला नको म्हणून. बाकीचं पुडीला. तुझ्या पुस्तकात भगवान नाहीत, घोडी आहे, आणि पुठ्ठा तर उंदरांनी कधीच खाल्लेला. माळ्यावरून ते थेट माझ्या गल्ल्याशेजारी आलं आणि मी बाजाराच्या गर्दीत, मान वर न करता, टराटरा फाडलं. दोन दिवसांत आपली चांदणी पावशेर रवा, छटाक जिरं आणि बडीशेप घेऊन डिंगोऱ्यापासून पिंपळवंडीपर्यंत पोचली.

मान वर न करता, हे लिहिताना मलाच कसंसं झालं. कारण मी असा नव्हतो गं. लहानपणी कागद वाचल्याशिवाय माझ्या हातून पुडी बांधलीच जायची नाही. गिऱ्हाईक ताटकळायचं, मी कुठल्या तरी खुनाच्या खटल्यात अडकलेला असायचो, मग बाऊजींची टपली बसायची. (बाऊजी आज असते तर स्वतःच म्हणाले असते, या खेमचंदचं पोरगं अखेर सुधारलं, आता न वाचता पुडी बांधतं.) तुला चौथीत पाठांतराचं बक्षीस म्हणून ते निळं पुस्तक मिळालं तेव्हा आपण गुळाच्या ढेपांमागे बसायचो. माझे हात चिकट म्हणून तू वाचायचीस आणि मी ऐकायचो. पुढे जुन्नरला कॉलेजात गेलो, तिथे मी जाड पुस्तकं काखेत घेऊन फिरलो, उघडली किती हे विचारू नकोस. आणि आता? बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख आणि विक्रीकराची नोटीस, एवढंच माझं वाचन. मागच्या चातुर्मासात आईला वाचून दाखवायला बसलो, तर तिसऱ्या ओळीला मीच घोरत होतो.

असो. दुसऱ्या दिवशी लुना काढली आणि दारोदार पुड्यांचे कागद परत मागत फिरलो. शेठ विकलेली पुडी परत मागतो म्हटल्यावर गावात काय बोलबाला झाला असेल! पिंपळवंडीच्या संपतने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “शेट, खरं सांगा राव, जमिनीचं कागुद गेलं का काय पुडीत?” मी नाही म्हणालो, म्हणजे नक्कीच गेलं असणार, असं ठरलं. मग काय, घरोघर लोक पुडीचे कागद उजेडात धरून वाचायला लागले. कुणी मला मुद्दाम तीन वर्षांपूर्वीचं पंचांग आणून दिलं. पण पानं मिळत गेली. तेलकट, हळदीची, एकावर तर कुणाच्या पोराने मिशा काढलेल्या (घोडीला).

डिंगोऱ्याच्या सरूबाईने मात्र घाम काढला. तीच, तुला लहानपणी ओंजळभर शेंगा द्यायची ती. तिने आठ पानं खळ लावून फडताळात डकवली होती. मी डबे हलवून, मान वाकडी करून वाचतोय, आणि ती पानं सोडवू देईना. तिच्या समृद्धीने, म्हणजे नातीने, तिला ती वाचून दाखवली होती आणि आता म्हातारीला त्याच्या आधीचं हवं होतं. मग ओट्यावर बसून आठवेल तशी गोष्ट सांगितली. घोडी जत्रेत विकली जाते, मुलगा वर्षभराने तिला शोधत जातो आणि ती त्याला ओळखत नाही, तिथे आल्यावर, नातीकडून ऐकलेलं असूनही, तिने पुन्हा पदर डोळ्यांना लावला. “आवं, वळकलंच न्हाई त्याला! लई वाईट झालं वो,” म्हणाली.

मग तिनेच पाण्याचा हात लावून फडताळातली आठही पानं सोडवून दिली. त्यांत तेच पान होतं. एकशे चार. कडेला तुझं चौथीतलं अक्षर: ‘इथे दादा रडला. आईला सांगायचं नाही.’

सिद्धी, मी ते पान पुन्हा वाचलं. दोनदा वाचलं. आणि खोटं कशाला सांगू, घोडी जत्रेत किती रुपयांना गेली होती ते वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर ‘भाव बरा आला’. बाकी काही नाही. सरूबाईला लिहिता-वाचता येत नाही, ती रडतेय, आणि मी तिच्या ओट्यावर कोरडा ठक्क! तेव्हापासून मला भीती वाटतेय. पुस्तक फाटल्याची वाटते त्याहून जास्त. पानं चिकटवता येतात, पण ढेपांमागचं ते पोरगं कुठे गेलं ते कुणाच्या दारात जाऊन विचारू?

तर झालं ते हे असं. रागव, पण फोनवर नको, प्रत्यक्ष येऊन रागव. आई तुम्हा सर्वांना आशीर्वाद सांगते. तिला यातलं काहीही माहीत नाही.

तुझा अपराधी
कल्पेशदादा

ता. क. एकशे चाळीसपैकी एकशे सव्वीस पानं जमली, ऊन दाखवून, इस्त्री फिरवून ठेवली आहेत. शेवटची चौदा मात्र मिळाली नाहीत. घोडी परत येते की नाही हे मला काही केल्या आठवत नाही. आईला कारण न सांगता विचारलं, तर म्हणाली, ‘पुस्तकातली असेल तर येतेच’. तुला आठवत असेल, तर तेवढा शेवट लिहून आण, राखीला अडायला नको.

ता. क. २. वरचं खोटं आहे. ती चौदा पानं संपतने कालच आणून दिली. माझ्या गल्ल्यात आहेत. मी उघडलेली नाहीत. एकट्याने वाचली आणि परत काही झालं नाही, तर मी काय करू? म्हणून तू ये. राखीला मांडीवर घे आणि मोठ्याने वाच, मी ऐकतो. हात धुऊन बसेन. भाऊबीजेच्या दिवशी, ऐन गर्दीत, दुकान बंद ठेवतोय. आईला अजून सांगितलेलं नाही.