जिवंतांच्या चौकटी मोकळ्या

३ फेब्रुवारी, शनिवार

गेलो एकदाचा. वाचनालयाच्या माडीवर, आडनाव मंडळात. ही गेल्याला वर्ष होत आलं. घरात बसून भिंतींशी किती बोलणार? त्याही आता कंटाळल्या असतील.

दहा-बारा माणसं, बहुतेक माझ्याच वयाची. प्रत्येकजण आपल्या आडनावाचा माग काढतो — जुन्या नोंदी, पिवळे फोटो, कुणाची तरी बहिरी आत्या — आणि शनिवारी जे सापडलं ते इतरांपुढे मांडतो. एकाचा हरवलेला मामा दुसऱ्याच्या फोटोत निघतो. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. अजूनही एक डोळा बारीक करून बघतात, भिंग लावल्यासारखं. म्हणाले, "या, बसा. इथं आम्ही मेलेल्यांची चौकशी करतो. जिवंत आमची करत नाहीत ना, म्हणून."

माझं आडनाव सांगितलं. सांगताना आवाज चढलाच, नेहमीसारखा. शाळेत कवितेचे गुरुजी हजेरी घेतानासुद्धा ते चालीवर घ्यायचे, कडव्याच्या शेवटी ध्रुवपद यावं तसं. पिढ्या म्हणजे कडवी, आडनाव म्हणजे ध्रुवपद — परतताना जिन्यात सुचलं. हिला ऐकवलं असतं तर म्हणाली असती, "कडवी म्हणून झाली असतील तर जरा शेंगा सोला."

१० फेब्रुवारी

मंडळाचा नियम आज कळला. वंशवृक्ष मोठ्या कागदावर काढायचा, माणसागणिक एक चौकट. मेलेल्याच्या चौकटीत नाव, जन्म, मृत्यू. जिवंताची चौकट नुसती आखायची, आत काही लिहायचं नाही. मंडळ चालवणाऱ्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "जिवंत माणसाला विचारल्याशिवाय भिंतीवर टांगायचं नाही, काका. त्याचं तो बघेल."

एप्रिलमध्ये खालच्या दालनात सगळ्यांच्या कागदांचं प्रदर्शन. मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या हे घड्याळजींनी फोडलं. झालं! सगळ्यांचे कच्चे कागद शाईनं सुंदर अक्षरात उतरवायचं काम माझ्या गळ्यात. नको नको म्हणत घेतलं. खरं तर हात शिवशिवतच होते.

११ फेब्रुवारी

आधी स्वतःचा कागद आखला. पणजोबांच्याही मागे दोन पिढ्या. सगळ्यात खाली मी — मोकळी चौकट. शेजारी हिची, भरलेली. हिच्या नावाची वेलांटी जरा वाकडी आली. पुसता येत नाही शाई. राहू दे.

आमच्याखाली टिल्लूची. मोकळी.

१७ फेब्रुवारी

मंडळात एक बाई आहेत, मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या. दर शनिवारी माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवतात. "भाऊ, गोळ्या वेळेवर घेता ना?" असं कुणी विचारून किती दिवस झाले. घड्याळजी म्हणाले, "आम्हाला नाही हो कुणी विचारत." बाई म्हणाल्या, "तुम्हाला किल्ली दिली की चालता तुम्ही."

त्यांचं आडनाव आज ऐकलं. तेच — जे टिल्लूनं घेतलं. लग्न झालं आणि आमचं टाकून बायकोचं आडनाव लावलं त्यानं. तिच्या घरात पुढं चालवणारं कुणी नव्हतं म्हणे. आणि आमच्या घरात होतं का? तू एकटाच ना रे?

पण त्या आडनावाची माणसं दगड भिरकावाल तिथं. विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी

टिल्लू हे नाव हिनं ठेवलं, टिल्लूसा होता म्हणून. पुढं दारात वाकून यायला लागला तरी टिल्लूच. मी ब्रश धुवायचो आणि तो शेजारी बसून माझ्या शाळेतल्या कविता म्हणायचा, माझ्याच चालीवर, माझ्याच चुकांसकट.

लग्नाला मी गेलो नाही. ही गेली. मग दोघांचं फोनवर चालायचं. मी दुसऱ्या खोलीत रेडिओ मोठा करायचो, आणि दाराजवळची खुर्ची सोडायचो नाही. नात झाली तेही असंच कळलं. शेवटी शेवटी तर तेही फोन बंद पडले. मी हिला म्हटलंसुद्धा, "बघ, तुलाही टाकलं." ही शेंगा सोलत राहिली.

मग ही आजारी पडली. दवाखान्याच्या बाकावर बसून जिन्याकडे बघत होतो. प्रत्येक पाऊल त्याचं वाटायचं. स्वतःहून फोन लावला मी — इतक्या वर्षांनी! बंद. नंबरसुद्धा बदलला पठ्ठ्यानं. आईला पोचवायला आला नाही.

हे लिहायचं नव्हतं आज.

२४ फेब्रुवारी

घड्याळजींचा कागद पुरा केला. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या एकाच नावाचे. "बारसं करायचा आळस," म्हणाले.

२ मार्च

आज आडनाव मांडायची पाळी माझी. पणजोबांपासून छान रंगलं. मला वाटतं जरा चालीवरच गेलो. घड्याळजींनी "वा, कविराज" म्हटलं. मग शेवटाला आलो आणि ठरवलं होतं ते सांगून टाकलं. "खाली एक चौकट आहे ती मी खोडणार. घराणं माझ्यापाशी संपलं असं धरा."

"चिरंजीव आहेत ना पण?"

"असतील."

"मग चौकट राहते, कविराज. मंडळाचा नियम."

"ज्यानं आडनाव टाकलं, आई गेली तरी ज्याचं तोंड दिसलं नाही, तो माझ्या कागदावर कशाला?"

ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, "कागद तुमचा आहे, काका." नर्सबाई चष्मा पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

घरी येऊन खोडली. पेन्सिलीचीच होती. पण आखताना फार दाबून आखली गेली होती, खाच राहिली. कागद तिरका धरला की दिसते.

९ मार्च

सगळ्यांचे कागद आले होते, नर्सबाईंचाच राहिला होता. आज दिला. गुंडाळी हातातून सुटेना त्यांच्या.

"सावकाश काढा, भाऊ. घाई नाही."

"घाई कशी नाही? प्रदर्शन तोंडावर आलंय."

"आणि काढताना घरी कुणी सोबतीला असलं तर बरं."

मी म्हटलं, "शाई आणि मी. दोघं असतो की." हसल्या नाहीत. एरवी हसतात.

१२ मार्च

अक्षर काढताना मी वाचत नाही. धंद्याची सवय. वळण बघायचं, अर्थ बघायचा नाही — अर्थ बघितला की अक्षर बिघडतं. दुकान काय विकतं हे मला पाटी वाळल्यावर कळायचं.

सकाळी नर्सबाईंचा कागद घेतला. वरून खाली येत गेलो. त्यांचे आजोबा, वडील, भाऊ. भावाखाली त्यांची भाची, मोकळी चौकट. तिच्या शेजारी नवऱ्याची. भरायची होती.

पहिलं नाव काढलं. हात कसा सरसर गेला. त्याला ते वळण ठाऊक होतं. दप्तरावर, डब्यावर, छत्रीच्या दांड्यावर, कितीदा काढलंय. मग आडनाव काढलं, बाईंचं. मग जन्मतारीख काढली.

मग वाचलं.

पुढं आणखी एक तारीख आहे. ती काढायची राहिली आहे.

१३ मार्च

एका नावाची माणसं असतात. एका तारखेला जन्मलेलीही असतात. जगात काय थोडी माणसं आहेत?

१४ मार्च

गेलो नर्सबाईंकडे. कागद घेऊन गेलो. दार उघडंच होतं.

"या, भाऊ. बसा."

"हा कोण?"

"आधी बसा."

बसलो. म्हटलं, "बसलो. हा कोण?"

"तुमचाच," म्हणाल्या.

त्या त्याच्या बायकोच्या आत्या. मी मंडळात पहिल्या दिवशी आडनाव सांगितलं तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं मला. बोलायला तोंड उघडत होत्या आणि गोळ्यांचं विचारत होत्या.

लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता तो. हे मला माहीतच नव्हतं. एका इमारतीत काम उरकलं, हातपाय धुतले, पायरीवर बसला. साथीदाराला वाटलं दम खातोय. छातीत कळ आली असणार. माझ्या आजोबांना आली होती तशी, माझ्या थोरल्या काकांना आली होती तशी. आडनाव टाकलं रे तू, हे कसं नाही टाकता आलं?

केव्हा, ते कागदावर आहे. हिच्या आधी. चार महिने आधी. म्हणजे मी बाकावर बसून जिन्याकडे बघत होतो, मनात त्याला नाही नाही ते बोलत होतो, तेव्हा तो —

"कळवलं का नाही मला?"

बाई उठल्या. "पाणी आणते," म्हणाल्या. आणलं. प्यायलो. पुन्हा विचारायचं बळ राहिलं नाही. दुसरंच विचारलं. "मग आताच का?"

"तुम्ही चौकट खोडतो म्हणालात ना, ते ऐकवेना. तोंडानं सांगवत नव्हतं. म्हणून कागद दिला. चुकलं असेल माझं."

निघताना जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की कविता म्हणायचा. आवाज घुमतो म्हणायचा, छान. वरची माणसं ओरडायची — अरे बाबा, काम कर, आम्हाला दहाव्या मजल्यावर जायचंय."

मी हसलो. रस्त्यावर कळलं की हसतोय ते हसू नाही.

१६ मार्च, शनिवार

मंडळात गेलो नाही. संध्याकाळी घड्याळजी आले. कसं कळलं कुणास ठाऊक. स्टूल ओढून भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवलं, मांडीवर घेऊन खोललं. बराच वेळ बसले तसे. मग परत टांगलं.

"काय झालं होतं त्याला?" मी विचारलं.

"काही नाही. धूळ." मग दारात थांबून म्हणाले, "माझाही एक गेलाय, कविराज. लहान होता. तुम्हीच काढलंत त्याचं नाव, गेल्या महिन्यात. तिसरा तो."

आणि मी ते वाचलं नव्हतं.

१७ मार्च

आज कुणी आलं नाही. बरं झालं.

२० मार्च

नर्सबाईंच्या कागदावरची राहिलेली तारीख काढली. सगळ्यात चांगलं वळण वापरलं, जे मी फक्त सोन्याच्या पेढ्यांना वापरायचो. आकडे आहेत, आकड्यांना काय वळण द्यायचं म्हणा.

त्याच्याखाली बाईंच्या कागदावर एक मोकळी चौकट आहे. लहानशी. नात. आता शाळेत जाते म्हणाल्या बाई.

२१ मार्च

माझा कागद काढला. खाच होतीच, तिच्यावरून पट्टी ठेवली. आखली, शाईनं. पहिलं नाव काढलं. मग अडलो.

आडनाव कुठलं? आमचं लिहिलं तर कागद शेवटपर्यंत एका चालीत जातो, वरपासून खालपर्यंत तेच ध्रुवपद. कुणी विचारणार नाही. मेलेला माणूस काय बोलणार?

बराच वेळ ब्रश धरून बसलो. टोक वाळलं. धुतलं. शेजारी बसून कुणी कविता म्हटली नाही.

मग त्याचं लिहिलं. त्यानं लावलं होतं ते. त्याच्या पायरीवर, त्याच्या साथीदारांत, त्याच्या लेकीच्या हजेरीत तेच होतं. चाल मोडली. मोडू दे. खाली नातीची चौकट आखली, आत काही लिहिलं नाही. खूप वर्षं कुणाला लिहायला लागू नये.

२३ मार्च, शनिवार

कागद देऊन आलो. नर्सबाईंना जिन्यात गाठलं आणि राहिलेला प्रश्न विचारला. कळवलं का नाही?

कळवलं होतं. त्याच दिवशी. फोन हिनं उचलला.

बहिणीकडे जाऊन येते म्हणून निघाली ती तिथं गेली. लेकाला पोचवलं, सुनेला जवळ घेतलं. निघताना एकेकाला हात जोडून म्हणाली, "ह्यांना सांगू नका. ते रागावर जगताहेत. दुःखावर नाही जगायचे."

परत आली तेव्हा मी विचारलं होतं, कशी आहे बहीण. म्हणाली, "बरी आहे." आणि चप्पल काढून सरळ माझा चहा टाकायला गेली.