देशांतर, नवे नृत्य आणि बुधवारच्या बायका

शनिवार, ५ फेब्रुवारी १९३८. खामगाव

मला नृत्यातले कळते, असे आज समितीने ठरवले. एकमताने! कारण मला संस्कृत येते. वाचनालयाचे अध्यक्ष उत्तमराव म्हणाले, शास्त्रीबुवा, लोकांना चित्रांपुढून फिरवून माहिती सांगायला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे. मी पडलो वर्तमानपत्राचा बातमीदार. म्हणजे स्वतःच सांगायचे आणि स्वतःच त्याची बातमी पाठवायची. अभिप्राय अनुकूल येणार, एवढे नक्की.

प्रदर्शनाचे नाव ‘देशांतर आणि नवे नृत्य’. चोवीस छायाचित्रे, सगळी खुर्शीद फोटोवाल्याची. त्यांतल्या बारांत गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांकडे निघालेली आपल्याकडची माणसे, जलंब स्टेशनावर. बारांत मुंबईची एक नर्तकी — त्याच माणसांवरून नवा नाच बसवलेली. पायांत चाळ नाहीत, अंगावर दागिना नाही. उत्तमरावांनी दोनदा चष्मा पुसून पाहिले. नीतीच्या दृष्टीने.

घरी दुसरबीडहून मेहुण्याचे, रंगरावाचे, कार्ड. ‘माय रुखमीची लई वाट पाहते. एकडाव आणून सोडा.’ रुख्मिणीने ते माझ्या दौतीखाली ठेवले होते. माहेरी जाऊन तिला सात वर्षे झाली. म्हटले, प्रदर्शन उरकले की जाऊ. ती म्हणाली, मागच्या साली इलेक्शन उरकणार होतं. आमच्या घरात विरोधी पक्ष एकाच सभासदाचा, पण हजेरी पूर्ण.

रविवार, ६

पुरुषांची फेरी. एकतीस हजर. सतराव्या चित्रात नर्तकी पाठमोरी, मान मागे वळलेली, एक हात तोंडावर, काखेत गाठोडे. मी विप्रलंभ सांगितला, म्हणजे विरहातला शृंगार. हस्तमुद्रेचे नावही सांगितले. नाव खरे, ते याच मुद्रेचे की नाही देव जाणे. लोकांनी माना डोलावल्या. जे कळत नाही त्याला आपल्याकडे फार मान.

खुर्शीद मागून हळूच म्हणाला, “पंडितजी, मुद्रा नोहे ते. ते बाई माह्यासंगं दोन दिवस टेसनावर बसली होती. जे पाह्यलं तेच करून राह्यली.”

त्याला म्हटले, शास्त्र असेच जन्मते. हे उत्तर वेळेवर सुचल्याचा आनंद रात्रीच्या जेवणापर्यंत पुरला.

सोमवार, ७

रंगरावाचे दुसरे कार्ड. उत्तर उद्या.

मंगळवार, ८

उत्तर राहिले.

उद्या बायकांची फेरी. बुधवारी दोन ते चार वाचनालय त्यांचे. त्या वेळात पुरुष आत नसावा, हा नियम. माहिती सांगणारा पुरुषच असावा, हा उत्तमरावांचा आग्रह. दीड तास खल झाल्यावर तोड निघाली — मी पडद्यामागे बसायचे, आकडा पुकारून माहिती वाचायची. पुढे रुख्मिणी छडीने चित्र दाखवील. देवळातल्या मूर्तीलाही इतकी सोवळी जागा मिळत नसेल.

टपाल साडेतीनला निघते, म्हणून बातमी आजच लिहून पाठवली. ‘महिलांनी विवेचन अत्यंत शांतपणे श्रवण केले.’

बुधवार, ९

शांतपणे!

सोळापर्यंत ठीक गेले. मधून मधून कुजबुज, एखादे मूल रडलेले. सतरा पुकारला, विप्रलंभ सुरू केला. पडद्यापलीकडे कोणीतरी फसकन हसले. सोजराबाई, वाचनालय झाडणारी. म्हणाली, “विरह कायचा वो बाई? हे सासरी जाऊन राह्यली.”

मग हसणे थांबले. मी पुढचे वाचत होतो, पण ऐकत कोणी नव्हते, हे पडद्याआडूनही कळत होते.

रुख्मिणीचा आवाज आला. इतका मोठा आवाज तिला आहे हे मला चोवीस वर्षांत ठाऊक नव्हते. तिने विचारले, इथंच जन्मलेल्या कोण कोण? पलीकडून काही आवाज नाही. मग विचारले, बाहेरगावाहून आणलेल्या कोण? हात वर करा. एकदम बांगड्या वाजल्या. कितीतरी बांगड्या! खुर्शीदने चित्रांसोबत दिलेल्या टिपणात एका गाडीने गेलेले चौऱ्याण्णव गडी आहेत, नावनिशीवार. यांची यादी कोणाकडेच नाही.

कोणीतरी विचारले, तोंडावर हात काऊन ठेवला हिनं?

रुख्मिणी म्हणाली, “तेरावं वरीस लागलं होतं मले. माय म्हणे, वेशीपर्यंत रडू नको, लोक पाह्यतात. म्हणून दाबून धरलं होतं.” छडी चित्रावर टेकल्याचा आवाज आला. “मान अशी, कारण माय गाडीमागं चालत होती. वेस गेली तरी चालतच होती.”

उरलेली सात चित्रे मी वाचली नाहीत. कोणी मागितलीही नाहीत.

गुरुवार, १०

सकाळी आपणहून म्हटले, उद्या दुसरबीडला निघू. रुख्मिणीचे गाठोडे बांधलेलेच होते. केव्हापासून, ते विचारले नाही. उत्तमरावांना निरोप — रविवारची फेरी सोजराबाईंना द्यावी. ते हसले असतील. मी चेष्टा केली नव्हती.

शनिवार, १२. दुसरबीड

मोटारीने मेहकर, तिथे मुक्काम, पुढे बैलगाडी. सासूबाई ओट्यावर बसलेल्या. मला लांबूनच ओळखले. पदर सावरला, या जावईबापू म्हणाल्या, पाणी आणायला सांगितले. रुख्मिणी त्यांच्या पायाशी बसली, हात हातात घेतला. तिच्याकडे त्यांनी परक्या पाहुणीकडे पाहावे तसे पाहिले. तो हात सोडवला नाही, एवढेच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माह्या रुखमीले काऊन नाही आणलं?”

 रुख्मिणीनेच सांगितले, “त्याइले सवड नाही, माय.”